निरोपाचे मासे

"मोजून घ्या," असं म्हणत कॅशियरबाईंनी वर्गणीचं जाडजूड पाकीट उपव्यवस्थापकांच्या टेबलावर आपटलं. "आख्ख्या शाखेच्या खिशातून काढलंय. दात उपटणं सोपं, इतकी ओढाताण झाली. आता यातून साहेबांची आरामखुर्ची आली नाही ना, तर निरोप साहेबांना नाही, तुम्हाला देईन मी."

उपव्यवस्थापकांनी पैसे मोजले आणि पुन्हा मोजले. बँकेच्या त्या शाखेत त्यांना सगळे कुलूपराव म्हणत, अर्थात पाठीमागे. त्यांच्या टेबलाच्या खणाला कुलूप असे, खणाची किल्ली कपाटात असे, कपाटालाही कुलूप असे, आणि कपाटाची किल्ली कुठे ठेवली हे इतकं गुपित असे की कधी कधी त्यांनाही ते कळत नसे. सकाळी घराचं दार लावून ते अर्धा जिना उतरत, मग परत चढून कडी ओढून बघत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. कुलूपरावांचं तोंड आजवर कधीच पोळलं नव्हतं, तरी ते साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायला कमी करत नसत.

शुक्रवारी मोठे साहेब निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोण, हे हेड ऑफिस ठरवणार होतं, आणि ठरवण्याआधी साहेबांनाच विचारणार होतं. कुलूपराव उपव्यवस्थापक होऊन इतकी वर्षं झाली होती की तो 'उप' आता त्यांच्या आडनावाला चिकटल्यासारखा झाला होता. या खेपेला तो गळून पडावा म्हणून ते देव पाण्यात घालून बसले होते. बायकोने तर परस्पर बहिणीला सांगूनही टाकलं होतं. अडचण एवढीच की साहेबांच्या मनाचा थांग लागत नसे. साहेब बोलतच नसत. कर्ज मंजूर असो, कुणाची रजा असो, नाहीतर छपराला आग लागो, ते फक्त "हं" म्हणत. त्या एका 'हं'चा अर्थ लावण्यात शाखेचा निम्मा दिवस जाई. अशा माणसाला खूश करायचं तर निरोपाची भेट झकासच हवी, म्हणून सर्वानुमते आरामखुर्ची ठरली होती. बटण दाबलं की पाठ चोळून देणारी.

"मंगळवारी येईल खुर्ची," कुलूपराव म्हणाले. "म्हणजे मंगळवारी मागवणार. भर सभेत."

"भर सभेत म्हणजे?"

"पेन्शनरांसमोर. एका दगडात दोन पक्षी."

कॅशियरबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. दगड आणि पक्षी दोन्ही कुलूपरावांच्या हातात गेले की काय होतं, हे त्यांनी याआधीही पाहिलं होतं.

गोष्ट अशी होती. बँकेने नवीन कार्ड काढलं होतं. कार्ड म्हणजे नुसता नंबर, मोबाइलमध्ये दिसणारा. हातात धरायला काही नाही. त्यात आधी हवे तेवढेच पैसे भरायचे आणि ऑनलाइन खरेदी करायची. खात्याला कुणाचा हात लागत नाही. हेड ऑफिसचा हुकूम होता की पेन्शनरांना हे समजावून सांगा आणि कार्डं द्या. पण इथले पेन्शनर ऐकतील तर ना! "जो पैसा हाताला लागत नाही, तो पैसाच नाही," असं म्हणून ते पुन्हा काउंटरच्या रांगेत उभे राहत. साऱ्या शाखेने मिळून आजवर एक कार्ड दिलं होतं, तेही कुलूपरावांनी स्वतःला. त्यांनी आता दुसरं काढलं, वर्गणीची सगळी रक्कम त्यात भरली, आणि भाषण दोनदा पाठ केलं.

मंगळवारी साहेब हेड ऑफिसला कागदपत्रं सोपवायला गेले होते, ही एक सोय. शाखेच्या वरच्या हॉलमध्ये पेन्शनर जमले. कुणी चहाच्या आशेने, कुणी पंख्याखाली बसायला, आणि पहिल्या रांगेत मधोमध ऑडिटरकाका. ऑडिटरकाकांची हयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली होती. निवृत्त झाले तरी हात शिवशिवत. लिफ्टमध्ये लिहिलेलं वजन खरं आहे का, हे ते आत माणसं मोजून बघत.

"आज मी तुमच्यासमोर खरेदी करून दाखवणार," कुलूपरावांनी सुरुवात केली. मागच्या भिंतीवर त्यांच्या मोबाइलचा पडदा भला मोठा होऊन उमटला. "हे माझं कार्ड. हा नंबर, ही मुदत आणि हे मागचे तीन आकडे, जे कुणालाही सांगायचे नसतात. बघा, मी सगळ्यांना दाखवतोय! घ्या लिहून! रस्त्यावरच्या भिंतीवर रंगवा!"

हॉलमध्ये खळबळ उडाली. चष्मे निघाले, पेनं निघाली. फुकट मिळालेली गोष्ट लिहून न घेणारा पेन्शनर अजून जन्माला यायचा आहे.

"मला भीती का वाटत नाही? कारण या कार्डाचं एकाच दुकानाशी लग्न लागतं. पहिली खरेदी ज्या दुकानात, तेच याचं दुकान. त्यानंतर चोराने हा नंबर जगातल्या कुठल्याही दुकानात वापरू दे, कार्ड ढुंकून बघणार नाही. एकपत्नीव्रत!"

"आणि पटलं नाही तर? घटस्फोट?" मागून एका आजींनी विचारलं.

"नाही! घटस्फोटाची सोय नाही, तीच तर याची खुबी!" कुलूपराव टेबलावर हात आपटून म्हणाले. "कारण बदलायची सोय ठेवली, की ती सोय आधी भामट्यांची होते."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की कुलूपरावांना भरतं येई, तसं आलं. लगेच खुर्ची मागवून मोकळं व्हायचं सोडून ते लबाडीचे किस्से सांगत बसले. त्यांच्या एका मावसभावाने मिक्सर मागवला तर खोक्यात वीट कशी निघाली, मग मावसभाऊ ती वीट घेऊन पोस्टात कसा भांडला, हे त्यांनी साभिनय सांगितलं. वराची वरात दाराशी उभी होती, आणि मुहूर्त टळत होता.

शेवटी एकदाचे ते वळले. "तर आता ही खुर्ची. मी बटण दाबतो. बघा हं."

त्यांनी बटण दाबलं. भिंतीवर एक चक्र फिरलं, आणि मग हाताएवढ्या अक्षरांत उमटलं: 'व्यवहार नाकारला. हे कार्ड दुसऱ्या दुकानाशी जोडलेले आहे.'

कुलूपरावांनी पुन्हा बटण दाबलं. भिंतीने पुन्हा तेच सांगितलं.

पहिल्या रांगेतून घसा खाकरल्याचा आवाज आला. ऑडिटरकाका हळूहळू उठून उभे राहिले. हातात मोबाइल होता.

"मला वाटतं, माझी ऑर्डर लागली," ते म्हणाले.

"कसली ऑर्डर?"

"माशांच्या खाण्याची. छोटी पुडी. तुम्ही म्हणालात, कुणीही काही करू शकत नाही. आता तपासल्याशिवाय मी असं विधान मान्य कसं करणार? नमुना तपासणी केली. माझ्या मोबाइलवर ते काचेच्या टाक्या विकणारं दुकान उघडंच होतं, त्यात टाकला नंबर. मला वाटलं, नाकारेल. नाकारलं नाही."

"अहो काका, लग्न लागायचं होतं अजून!"

"ते तुम्ही आधी लावायला हवं होतं," ऑडिटरकाका शांतपणे म्हणाले. "कार्यपद्धतीत त्रुटी आहे. पुडीचे पैसे मी तुम्हाला रोख देतो. पावती द्या."

कुलूपरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आख्ख्या शाखेची वर्गणी एका पुडीपायी माशांच्या घरी नांदायला गेली होती. ते मटकन खाली बसले, आणि त्यामुळे पुढे हॉलमध्ये जे झालं त्याकडे त्यांचं लक्षच राहिलं नाही.

ऑडिटरकाका कुठलीही तपासणी अर्धवट सोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी तोच नंबर चपलांच्या दुकानात घालून पाहिला. नाकारला. पुस्तकांच्या दुकानात घातला. नाकारला. "बाकीच्यांनी पण बघा जरा," ते मागे वळून म्हणाले, आणि हॉलभर एकच झुंबड उडाली. ज्यांनी आयुष्यात कुणाची टाचणी उचलली नव्हती अशी भली माणसं मन लावून चोरी करायला बसली. एका आजोबांनी सायकल लुटायचा प्रयत्न केला, मघाच्या आजींनी शिलाई मशीन.

"मला नाही म्हणतंय!"

"मला पण! तीनदा नाही म्हटलं!"

"काय इमानदार कार्ड आहे हो! आमच्या ह्यांच्यापेक्षा बरं," आजी म्हणाल्या, आणि त्यांच्या ह्यांनी मान खाली घातली.

खाली कॅशियरबाईंना बातमी कळली तेव्हा त्या नोटा मोजत होत्या. त्यांनी मोजणं थांबवलं. त्यांना मोजणं थांबवताना शाखेने तोवर कधीच पाहिलं नव्हतं. वर येऊन त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "फोन लावा. आत्ताच्या आत्ता."

कुलूपरावांनी आपल्याच बँकेच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज आला.

"नमस्कार सर, बोला."

"बाई, एका कार्डाचं दुकान बदलायचंय."

"माफ करा सर, एकदा दुकान जोडलं की ते बदलता येत नाही."

"मग ऑर्डरच रद्द केली तर?"

"तरी दुकान तेच राहतं सर."

"मग शिल्लक परत खात्यात टाका."

"पहिल्या खरेदीनंतर ते होत नाही सर. शिल्लक त्याच दुकानात वापरावी लागेल."

"अहो, पण हा असला नियम केला कुणी?" कुलूपराव ओरडले. "ज्याने केला त्याला काही अक्कल?"

"बघून सांगते हं सर... ही सूचना एका शाखेच्या उपव्यवस्थापकांनी पाठवली होती. फारच छान सूचना होती सर. त्यांना त्याबद्दल भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालंय."

कुलूपरावांनी फोन ठेवला. ते घड्याळ त्यांच्या बैठकीच्या खोलीत होतं, आणि बायको ते आल्यागेल्याला दाखवत असे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची तरी कुणाकडे?

त्या दिवशी घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी पोटभर हसून घेतलं, मग डोळे पुसून ती व्यवहारावर आली.

"खुर्ची आपण आपल्या पैशांनी घेऊन द्यायची, असं म्हणताय?"

"दुसरं काय करणार? साहेबांनी नाव सुचवलं नाही तर जन्मभर उपच राहीन मी."

"आणि त्या कार्डातल्या पैशांचे मासे?"

"ते आपल्याकडे येतील."

"कुठे? या दोन खोल्यांत? तुम्ही, मी, तुमची सतरा कुलपं, आणि वर टाकी? आणि महिनाअखेरीला खुर्चीचे पैसे आणणार कुठून? दुसऱ्यांदा वर्गणी काढा."

दुसऱ्या दिवशी शाखेत दुसऱ्या वर्गणीचं नाव काढताच कॅशियरबाईंनी जो कटाक्ष टाकला, तो पाहून कुलूपरावांनी ते वाक्य अर्ध्यातच गिळलं. ते टाक्यांचं दुकान गावातलंच निघालं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत दोघं तिथे गेले. म्हटलं, बघू तरी, माशांच्या दुकानात मासे सोडून काय मिळतं ते.

काही मिळत नव्हतं. टाक्या, पंप, रंगीत खडे, जाळी, प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणि चोहीकडून तोंड उघडमिट करत बघणारे मासे. टाकीवाला जाडजूड, प्रेमळ माणूस होता. तो प्रत्येक माशाबद्दल घरच्या माणसासारखं बोले.

"बसायला काही आहे का? खुर्चीसारखं?" कुलूपरावांनी आशेने विचारलं.

"स्टूल आहे ना. टाकी साफ करताना चढायला." त्याने तीन पायांचं एक बुटकं स्टूल पुढे केलं.

कॅशियरबाईंनी स्टुलाकडे पाहिलं, मग मनातल्या मनात त्यावर साहेबांना बसवून पाहिलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा मासे परवडले. भाऊ, तुमची सगळ्यात मोठी टाकी किती मोठी?"

"घेणाऱ्याचं घर केवढं?"

"घराचं आम्हाला काय करायचंय? माणूस केवढा ते विचारा. व्यवस्थापक आहेत."

टाकीवाल्याने कोपऱ्यातली टाकी दाखवली. तिच्यात एखादं लहान मूल आरामात पोहलं असतं. दगड, झाडं, दिवा, पंप आणि मासे, सगळं मिळून कार्डातली जवळजवळ सगळी रक्कम लागत होती. मासे केशरी, गुबगुबीत, डोक्यावर टोपीसारखा लाल डाग असलेले होते. "हे मोठं पोरगं जरा नाजूक आहे हं," टाकीवाला एकाकडे बोट दाखवून म्हणाला. "त्याला वेळच्या वेळी खायला लागतं, आणि जास्त दिलेलं चालत नाही. बाकी प्रेमळ आहे." कार्डाचा नंबर घातला मात्र, व्यवहार चुटकीसरशी झाला. कार्ड सासरी आलं होतं.

"उद्या आमच्या माणसाकडून पोचवतो, जोडून देतो," टाकीवाला म्हणाला. "कुठे ठेवायची?"

"साहेबांसाठी आहे," कुलूपराव म्हणाले, आणि गडबडीत तेवढंच सांगून निघाले. एरवी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगणाऱ्या या माणसाला हीच गोष्ट एकदा सांगायची बुद्धी व्हावी, याला काय म्हणायचं!

गुरुवारी साहेब रजेवर होते आणि कुलूपराव तिजोरीच्या तपासणीत अडकले होते. टाकीवाल्याचा माणूस आला आणि त्याने शिपायाला विचारलं, "साहेबांची टाकी आहे. कुठे ठेवू?" शिपायाने साहेबांच्या केबिनकडे बोट दाखवलं. यात कुणाचीच चूक म्हणता येणार नाही. कुलूपराव बाहेर आले तोवर केबिनमधली फायलींची मांडणी हलली होती, तिथे टाकी बसली होती, पाणी भरलं होतं, दिवा लागला होता आणि मासे निवांत फिरत होते.

"अहो, हे इथे नाही! हे साहेबांच्या घरी न्यायचंय!"

"आता?" तो माणूस हात पुसत म्हणाला. "भरलेली टाकी हलवली की काच तडकते."

"मग रिकामी करा!"

"मासे दगावतील. आत्ताशी कुठे स्थिरावलेत. पाणी मुरू दे, महिनाभर जाऊ दे, मग बघू."

म्हणजे साहेब उद्या जाणार आणि त्यांची भेट इथेच राहणार. कुलूपरावांना घाम फुटला. मग एक विचार त्यांच्या मनात हळूच डोकावून गेला. साहेब गेल्यावर ही केबिन कदाचित आपलीच. मासे पण मग आपलेच. त्यांनी तो विचार लगेच झटकला, पण झटकण्याआधी क्षणभर कुरवाळलाही.

शुक्रवारी सकाळी साहेब आले, केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. दिवसभर ते बाहेर आले नाहीत. चहा आत गेला तो तसाच परत आला. दुपारी कॅशियरबाईंनी फाइल न्यायच्या निमित्ताने दाराला कान लावला.

"काय ऐकू आलं?" कुलूपरावांनी विचारलं.

"हं."

"कसला हं? नेहमीचा?"

"नाही. लांबलेला. असा मी याआधी ऐकला नाही."

कुलूपरावांनी मनातल्या मनात व्यवस्थापकपदाला निरोप दिला. हौसेने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, आता भोगायचं. संध्याकाळी समारंभाला सगळे जमले, पेन्शनरांतर्फे ऑडिटरकाका आले, आणि कुलूपराव बोलायला उभे राहिले. पाठ केलेलं भाषण आरामखुर्चीबद्दल होतं. 'ज्या पाठीने शाखेचा भार वाहिला' इथून ते सुरू होत होतं. ते आता काय कामाचं?

"साहेब, आम्ही तुम्हाला मासे दिले," ते म्हणाले आणि थांबले. सभेला पुढचं ऐकायचं होतं. "मासेच का? तर साहेब, माशाला पापण्या नसतात. मासा झोपतो तोसुद्धा उघड्या डोळ्यांनी. बँकेच्या माणसाने असंच असावं, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. न बोलता शिकवलंत. मासाही बोलत नाही." इथे कॅशियरबाईंना जोराचा खोकला आला. "म्हणजे मला असं म्हणायचंय की... खरं सांगू का साहेब? मला खूप भीती वाटतेय. तुम्ही रागावू नका."

एवढं बोलून ते खाली बसले. साहेब उठले. शाखेने कान टवकारले. साहेब "हं" म्हणाले, आणि मग जे कधीच झालं नव्हतं ते झालं. साहेब पुढे बोलायला लागले.

"लग्नाआधी माझ्याकडे अशी टाकी होती," ते म्हणाले. "घरात मासे चालणार नाहीत, असं बायको म्हणाली. मी टाकी विकली. तिचंही बरोबरच होतं, घर लहान होतं. पण नंतर घर मोठं झालं, आणि मासे काही आले नाहीत. मी विचारलं दोन-तीनदा. मग विचारायचं सोडलं."

साहेबांना बायको आहे, हेच कित्येकांना आज कळत होतं.

"मंगळवारी हेड ऑफिसने मला विचारलं, अजून दोन वर्षं थांबता का. मी नाही म्हणालो. थकलोय, म्हणालो. काल त्यांचा पुन्हा फोन आला. आपल्या शाखेने एका दिवसात जेवढी कार्डं दिली, तेवढी साऱ्या शाखांनी मिळून वर्षभरात दिली नाहीत, असं ते म्हणाले."

"सगळ्या पेन्शनरांनी अर्ज भरले," ऑडिटरकाका जागेवरूनच म्हणाले. "मी स्वतः तपासून शिफारस केली. एका दुकानापलीकडे एक छदामही गेला नाही. खुद्द मालकालासुद्धा काढता आला नाही!"

"हं," साहेब म्हणाले. "तर मी आज सकाळपर्यंत नाहीच म्हणणार होतो. केबिनमध्ये आलो आणि हे दिसले. घरी नेता येत नाहीत, टाकी हलत नाही म्हणे. मग मीच इथे राहायचं ठरवलं. दुपारी तसं कळवून टाकलं. मन रमतंय तोवर राहीन."

टाळ्या कडाडल्या. कुलूपरावांनीही टाळ्या वाजवल्या. ज्या भेटीने साहेबांना वाटेला लावायचं, त्या भेटीनेच त्यांना खुर्चीला खिळवून ठेवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं की कशाचं, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. साहेब मात्र त्यांच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी यांचं कुणीतरी बघायला हवं. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारा माणूस पाहिजे. मी तुमचं नाव नक्की केलंय."

असं कुलूपरावांचं नाव शेवटी नक्की झालं. घरी बायकोने बहिणीला फोन करून कळवलं की बढती झाली आहे, पण सध्या ती पाण्यात आहे.

तेव्हापासून दर रविवारी कुलूपराव शाखा उघडत, माशांना चिमूटभर खायला घालत, कुलूप लावत, अर्ध्या रस्त्यातून परत येत आणि खरंच घातलं का ते बघून जात. साहेब केबिनमध्ये रमले होते. आताशा ते पूर्ण वाक्यं बोलत, कधी कधी तर हसतही. व्यवस्थापकाची जागा रिकामी व्हायचं चिन्ह दूरवर कुठे दिसत नव्हतं.

"एक सांगू का?" एकदा कॅशियरबाई इकडेतिकडे बघत म्हणाल्या. "साहेबांचं मन रमलंय ते माशांवर. आणि मासे कुणाच्या हातात? तुमच्या. एखाद्या रविवारी विसरलात म्हणून कुणी फाशी देणार नाही."

"बाई!" कुलूपराव उभेच राहिले. "बोलवतं तरी कसं तुम्हाला? तो मोठा किती नाजूक आहे, माहितीये का?"

"मी आपलं गमतीत म्हटलं."

पुढच्याच रविवारी तो मोठा तळाशी जाऊन एका कुशीवर पडलेला दिसला. कुलूपरावांनी काचेवर टकटक केलं, नाव नसलेल्या त्या माशाला "अरे ए, ऊठ ना बाबा" म्हणून हाका मारल्या. त्याने फक्त एक कल्ला हलवला. समोर साहेबांची रिकामी खुर्ची होती, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि नुसतं घरी निघून जाण्याएवढंच काम बाकी होतं. कुलूपराव धावत सुटले. शाखेला कुलूप लावलं की नाही हे बघायलासुद्धा ते थांबले नाहीत.

"औषध!" टाकीवाल्याच्या दारात उभं राहून ते धापा टाकत म्हणाले. "मोठा आडवा झालाय! काय लागेल ते द्या, लवकर द्या!"

टाकीवाल्याने बाटली काढली, किती थेंब ते समजावलं. कुलूपरावांनी खिसे चाचपले. पाकीट घरी राहिलं होतं. मग त्यांनी मोबाइल काढला, तोच जुना नंबर टाकला, त्यात उरलीसुरली शिल्लक होती. कार्ड पहिल्या फटक्यात चाललं.